जगातल्या भाषांबद्दल लोकं मले नेहमी विचारतात ते प्रश्न

परतवाड्याच्या बाजूच्या एका गावात माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, पोट्ट्यांच्या ॲडमिशनचे फॉर्म, सगळं चालते. सर्व्हर डाऊन झाला की लोकं बाकावर बसून राहतात, आणि मले भाषांच्या गमती सांगायचा जुना नाद, मग तेच तेच प्रश्न येतात. एकदाचे लिहून काढले, आता कोणी विचारलं की हेच पाठवून देत जाईन.

जगात एकूण भाषा किती हो भाऊ?

सात हजारांच्या वर. नक्की आकडा कोणीच छातीठोक सांगत नाही, कारण भाषा कुठं संपते आणि बोली कुठं सुरू होते याचा धुरा कोणी आखून ठेवलेला नाही. पण वाटणी पहा कशी आहे. पापुआ न्यू गिनी नावाचा देश आपल्या महाराष्ट्राच्या साधारण दीडपट, लोकसंख्या एखाद कोटी, आणि भाषा सुमारे ८४०! डोंगर, जंगल, दलदल, एका खोऱ्यातला माणूस दुसऱ्या खोऱ्यात जातच नव्हता, मग प्रत्येक खोऱ्याची भाषा वेगळी झाली. तिथल्याच बोगनव्हिल बेटावर रोटोकास नावाची भाषा आहे, तिची अख्खी वर्णमाला १२ अक्षरांची. आपल्या पहिलीतल्या पोराला सांगू नका, तो तिकडं ॲडमिशन मागेल.

सगळ्यात विचित्र भाषा कोणती? आफ्रिकेतली असंल ना?

हा प्रश्न आला की मले मजा येते, कारण उत्तर आफ्रिकेत नाही, बुलढाणा जिल्ह्यात आहे. जळगाव जामोद तालुका, सातपुड्याच्या पायथ्याची गावं, तिथं निहाली नावाची भाषा बोलतात. बोलणारे दोन-अडीच हजार असतील. ही भाषा जगातल्या कोणत्याच भाषेची नातेवाईक नाही. मराठी-हिंदीची नाही, तेलुगू-गोंडीची नाही, कोरकूची नाही. भावकीच नाही तिला. अशा एकट्या भाषा जगात थोड्याच आहेत, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची बास्क भाषा त्यातली सगळ्यात फेमस, तिच्यावर कपाटं भरतील एवढी पुस्तकं आहेत आणि निहालीचं नाव आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या माणसालाही माहीत नसते. मले स्वतःला चाळिशीत माहीत झालं.

निहालीत उसने शब्द लय आहेत, कोरकूतून घेतलेले, मराठीतून घेतलेले, पण ते सगळे बाजूला काढले तरी चतुर्थांशाच्या आसपास शब्द असे उरतात की ते कुठून आले याचा पत्ता लागत नाही. कायपर नावाच्या डच अभ्यासकानं १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, त्याला तर अशीही शंका होती की ही भाषा काही अंशी मुद्दाम बनवलेली गुप्त भाषा असावी, दुसऱ्यांना समजू नये म्हणून. आता तिथली पोरं शाळेत मराठी शिकतात, घरात कोरकू-मराठी कानावर पडते, त्यामुळं युनेस्कोच्या यादीत ती अगदी शेवटच्या घटका मोजणाऱ्या भाषांमध्ये आहे.

कोरकू म्हणजे मराठीचीच बिघडलेली बोली ना?

नाही! हे मी दिवसातून दोनदा सांगतो. कोरकूचा मराठीशी रक्ताचा संबंधच नाही. तिचे नातेवाईक आहेत संताली, मुंडारी, आणि तिकडं दूर कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामची व्हिएतनामी. म्हणजे ज्यांनी अंगकोर वाटचं देऊळ बांधलं त्यांची भाषा आणि धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मावशीची भाषा एका घराण्यातली. आणि या घराण्याचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक म्हणजे आपलं मेळघाट आणि त्याला लागून असलेला मध्य प्रदेशाचा भाग.

पटत नाही ना? मलेही पटलं नव्हतं. परतवाड्याच्या बाजारात भांड्याच्या दुकानापाशी एक कोरकू म्हातारी हिंडालियमच्या वाट्या मोजून राह्यली होती, एकेक वाटी उलटी करून बुडाला बोटानं टिचकी मारायची, कान लावायची, आणि मग बाजूला ठेवायची, मिया, बारी, अफाय, उफून, मोनोय. मी तिथंच उभ्या उभ्या मोबाईल काढला. चारला कोरकूत उफून, संतालीत पोन, ख्मेरमध्ये बुओन, व्हिएतनामीत बोन. हजारो किलोमीटर आणि हजारो वर्षं मधात, तरी चार हा चारच राहिला. दुकानदार म्हणे, काय शोधून राह्यला बे? सांगितलं तर म्हणे, व्हिएतनामचं राहू दे, तिले विचार पाचवी वाटी घेते का.

आणि कोरकू या शब्दाचा अर्थ काय? कोरो म्हणजे माणूस, कू लावलं की अनेकवचन. कोरकू म्हणजे माणसं. बस.

मग गोंडी?

गोंडी आणि कोलामी दोन्ही द्रविड घराण्यातल्या, तेलुगू-कन्नड-तमिळच्या बहिणी. गोंडीत तीन म्हणजे मूंड, तेलुगूत मूडु. चार म्हणजे नालुंग, तेलुगूत नालुगु. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर निघाले, म्हणजे युरोपातल्या कितीतरी देशांच्या भाषेपेक्षा जास्त. गोंडीला स्वतःच्या लिपी पण आहेत, एक १९१८ मध्ये बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी तयार केली आणि २०१७ पासून ती कॉम्प्युटरच्या युनिकोडमध्ये आहे. माझ्या दुकानात टाईप करायला मात्र अजून कोणी आलं नाही, वाट पाहून राह्यलो.

आता हिशेब करा. विदर्भात मराठी एका घराण्याची, गोंडी-कोलामी दुसऱ्या, कोरकू तिसऱ्या, आणि निहाली कोणाचीच नाही. अख्ख्या युरोपात एवढी वेगवेगळी घराणी मोजायला फिरावं लागते, आपल्याला एसटीचा पास पुरते.

आम्ही केळीला केयी म्हणतो, डोळ्याला डोया. पुण्याकडचे हासतात. आमचं चुकते का?

चुकत काही नाही. ळ चा य होणं ही जीभेची जुनी सवय आहे आणि ती जगभर आहे. स्पॅनिशमध्ये दोन एल एकापुढं एक लिहितात, त्याचा उच्चार मूळचा ल्य असा होता, आज बहुतेक स्पॅनिश लोकं त्याला सरळ य म्हणतात. म्हणून तर तोर्तिया असं ऐकू येते, तोर्तिल्ला नाही. फ्रेंचमध्ये पोरीला फी-य म्हणतात, तिथंही ल गिळला. त्यांना कोणी गावंढळ म्हणत नाही, उलट तिकडचं शिकायला क्लास लावून पैसे भरतात. आपल्या केयीला मात्र मार्क कापतात.

आमच्या आजीची अजून एक गंमत, ती "मी जातो", "मी येतो" असंच म्हणायची, बाई असून. वऱ्हाडात जुन्या बायका अशाच बोलतात. फिनलंडच्या भाषेत तर तो आणि ती ला एकच शब्द आहे, हॅन, क्रियापदालाही लिंग नाही. आजी तिकडं मस्त रमली असती, थंडी सोडून.

बैल हाकायला आपण तोंडानं टॉक टॉक करतो, तशी भाषा असते म्हणे. खरं का?

खरं. दक्षिण आफ्रिकेत खोसा नावाची भाषा आहे, नेल्सन मंडेलांची मातृभाषा. तिच्यात जीभेचे तीन प्रकारचे टिचके हे साधे व्यंजनं आहेत, आपल्या क-ख-ग सारखे. एक, आपण हळहळताना करतो तो च्च च्च. दुसरा, बाटलीचं बूच उडाल्यासारखा. तिसरा, गालाच्या बाजूनं जीभ सोडून करतात तो, अगदी बैलाला "चाल" म्हणायचा आपला आवाज. आणि खोसा हे नावच त्या तिसऱ्या आवाजानं सुरू होते, म्हणजे आपण जे खोसा म्हणून राह्यलो ते चूकच आहे. बोट्स्वाना आणि नामिबियात ता नावाची भाषा आहे तिच्यात असे आवाज धरून शंभराच्या वर व्यंजनं आहेत. मी एक दिवस दुकानात प्रॅक्टिस करत बसलो तर बाहेर बंडीला जुंपलेला बैल चालायला लागला. त्याच्या मालकानं मले जे ऐकवलं ते शुद्ध वऱ्हाडीत होतं.

शिट्टीनं बोलणारे लोकं?

ला गोमेरा बेट, कॅनरी बेटांपैकी, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ पण देश स्पेन. खोल दऱ्या, पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलायचं तर उतरून चढायला अर्धा दिवस जाणार, म्हणून ते अख्खी स्पॅनिश शिट्टीत वाजवतात, सिल्बो म्हणतात तिला. पाच स्वर दोन शिट्ट्यांवर भागवायचे, सगळी व्यंजनं चार शिट्ट्यांवर, बाकी अर्थ संदर्भानं लावायचा. दोन-तीन किलोमीटर सहज ऐकू जाते. १९९९ पासून तिथल्या शाळेत ती शिकवणं सक्तीचं आहे, २००९ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून नोंदवली. मेळघाटातल्या ज्या गावात टॉवरची रेंज नाही तिथं ही स्कीम आणायला हरकत नाही, रिचार्जही लागत नाही.

आपल्या देशात मेघालयात काँगथाँग गाव आहे, तिथं आई पोराला नावासोबत एक धून देते आणि रानात त्याला त्या धुनेनं बोलावते. एकाची धून दुसऱ्याला नाही.

उजवं-डावं नसलेली भाषा आहे का?

आहे, ऑस्ट्रेलियात, गुगू यिमिथिर. तिथला माणूस "तुझ्या उजव्या पायाजवळ मुंगी आहे" म्हणत नाही, "तुझ्या उत्तरेकडच्या पायाजवळ मुंगी आहे" म्हणतो. घरात, अंधारात, झोपेतून उठवलं तरी त्याला दिशा ठाऊक. शहरी लोकं हे ऐकून तोंडात बोट घालतात पण आपल्याकडं म्हातारे काय बोलतात? "उगवतीकडच्या धुऱ्यानं ये", "मावळतीच्या खोलीत पोतं ठेव". माझे काकाजी तर जेवताना म्हणत, "ताट थोडं उगवतीला सरकव." फक्त त्यांच्यावर कोणी संशोधन केलं नाही.

याच भाषेतून कांगारू हा शब्द आला. तुम्ही ती गोष्ट ऐकली असेल, कॅप्टन कुकनं विचारलं हा प्राणी कोणता, समोरचा म्हणे "कांगारू" म्हणजे "मला समजलं नाही", आणि तेच नाव पडलं. माझ्या गुरुजींनी पण सांगितली होती. ती थाप आहे. १७७० मध्ये कुकचं जहाज दुरुस्तीला थांबलं होतं तेव्हा हा शब्द लिहून घेतला, आणि १९७० च्या दशकात भाषेचे अभ्यासक तिथं जाऊन राहिले तेव्हा कळलं की गंगुरू हे तिथल्या एका मोठ्या कांगारूचंच नाव आहे. म्हणजे कुकला बरोबर समजलं होतं, आपल्यालाच दोनशे वर्षं नाही समजलं.

आपले आकडे एवढे अवघड काहून? पोट्टं त्रेसष्ट-त्र्याहत्तरमध्ये अडकते.

अवघड आहेतच. इंग्रजीत वीसच्या पुढं एक नियम कळला की शंभरापर्यंत गाडी जाते, आपल्याला शंभरच्या शंभर पाठ करावे लागतात. त्यात एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं "एक कमी" चालत येते आणि नव्याण्णवला नियम मोडतो, एकोणशंभर म्हणत नाही. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात सत्तावीसच्या ऐवजी "वीस सात" असा पर्याय दिला तर केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. मले विचाराल तर दोन्ही शिकवा, पोट्ट्यांना फरक पडत नाही, भांडतात मोठेच.

पण आपण सुखी आहोत. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे "चार वीस", नव्याण्णव म्हणजे "चार वीस एकोणीस". आपल्याकडं जुन्या बायका चार विसा, पाच विसा अशा गोवऱ्या मोजायच्या, तेच ते. डेन्मार्कचे त्याच्याही पुढचे, त्यांचा पन्नास म्हणजे अडीच विसा, सत्तर म्हणजे साडेतीन विसा, नव्वद म्हणजे साडेचार विसा. इंग्रजांना हे समजावताना घाम फुटतो, मराठी माणसाला एका वाक्यात कळते कारण आपल्याजवळ अडीच आहे, साडे आहे, पाऊण आहे, सव्वा आहे.

पापुआ न्यू गिनीत ओक्सापमिन नावाचे लोकं अंगावर मोजतात. एका हाताच्या अंगठ्यापासून सुरू, बोटं, मनगट, कोपर, खांदा, कान, डोळा असं चढत नाकावर १४ होतात, मग दुसऱ्या बाजूनं उतरत करंगळीवर २७. म्हणजे "नाक" म्हटलं की चौदा. आमची आजी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायची, एका हातावर बारा. नाकापर्यंत जायची तिला गरज पडली नाही.

मामा म्हणजे बाप, असं कुठं असते का?

जॉर्जियात. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे बाप आणि देदा म्हणजे आई. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ, दादा म्हणजे बहीण. जपानीत हाहा म्हणजे आई. आणि स्पॅनिशमध्ये काका म्हणजे लहान पोराची शी, त्यामुळं स्पेनच्या पाहुण्यासमोर काकांना मोठ्यानं हाक मारू नका.

हे शब्द सगळीकडं सारखे काहून? रोमान याकोबसन नावाच्या भाषातज्ज्ञानं याचं उत्तर दिलं आहे, लेकरू दूध पिताना तोंड मिटून म-म असा आवाज काढते, मग ओठांचेच प-ब आवाज येतात, आणि आई-बाप समजतात की आपल्यालाच हाक मारली. म्हणजे अर्थ आपण लावतो, लेकरू फक्त भुकेलं असते. स्वाहिलीत आणखी मजा म्हणजे दुकानाला दुका, चहाला चाय, गाडीला गारी, वकिलाला वकिली. अरबी-फारसी आणि हिंदी शब्द समुद्रानं तिकडं गेले, आपल्याकडंही आले. केनियात गेलो तर निदान चाय मिळेल.

परवा म्हणजे नेमकं कधी?

हा प्रश्न एका नांदेडच्या ट्रकवाल्यानं विचारला नव्हता आणि तिथंच घोळ झाला. मी फोनवर म्हटलं "माल परवा भरला", त्यानं ऐकलं "माल परवा भरायचा". आपल्याकडं परवा पुढं पण आहे आणि मागं पण, हिंदीत तर कल पण तसाच. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरात आयमारा भाषा आहे, तिच्यात भूतकाळ डोळ्यासमोर असतो आणि भविष्य पाठीमागं. नायरा म्हणजे डोळा, समोर, आणि गेलेला काळ. त्यांचं म्हणणं सरळ आहे, जे होऊन गेलं ते पाहिलेलं आहे म्हणून समोर, जे यायचं ते दिसत नाही म्हणून मागं. कपाशीचा भाव पाहता मले आयमारा लोकांचं पटते.

इंग्रजीत आपला शब्द आहे का एखादा?

मुंगूस! इंग्रजीतला मंगूस मराठीतून गेला, पक्कं. संत्र्याचं इंग्रजी नाव पण इकडचंच. द्रविड भाषांतून संस्कृतात नारंग, मग फारसीत, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांहा, आणि इटलीत-फ्रान्समध्ये जाता जाता पुढचा न गळून पडला, उरलं ऑरेंज. वरुड-मोर्शीच्या माणसानं हे पाठ करून ठेवावं. उलट बाजूनं पगार, पाव, चाबी, घमेलं हे आपल्याकडं पोर्तुगीजांनी आणलं, बटाटा पण, पण आपण त्याला आलू म्हणतो म्हणून त्या पापातून सुटलो. आणि हैदराबादी माणूस जे "नक्को" म्हणतो ते आपलंच नको आहे.

एस्किमोंजवळ बर्फाला शंभर शब्द आहेत ना?

नाहीत. फ्रान्झ बोआस नावाच्या अभ्यासकांनी १९११ मध्ये चार शब्द दिले होते, पुढं ज्यानं त्यानं आकडा वाढवत नेला, गावातल्या सापाच्या लांबीसारखा. त्यांच्या भाषेत एका मूळ शब्दाला शेपट्या जोडून कितीही लांब शब्द होतो, त्यामुळं मोजणीलाच अर्थ नाही. आपणच झड, रिपरिप, सर, भुरभुर, मुसळधार म्हणतो, त्यासाठी कोणी आपला फोटो काढायला येत नाही.

कोंबडा सगळीकडं कुकूचकूच करतो का?

कोंबडा तेच करतो, ऐकणारे वेगळे. जर्मनीत किकेरिकी, फ्रान्समध्ये कोकोरिको, जपानात कोकेकोक्को. कुत्रा जपानात वान-वान, कोरियात मंग-मंग.

नोटेवर मराठी कितव्या नंबरवर?

मागच्या बाजूच्या पट्टीत आठव्या. पट्टीत १५ भाषा, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, आणि हिंदी-इंग्रजी वेगळ्या, एकूण १७. आता सगळे पाकीट काढून पाहून राह्यले असतील.

आपल्या वऱ्हाडात गुप्त लिपी होती म्हणतात?

होती. महानुभाव पंथाची सकळ लिपी. रिद्धपूर इथून तासा-दीड तासावर, तेराव्या शतकात तिथंच लीळाचरित्र लिहिलं गेलं आणि आता मराठी भाषा विद्यापीठ पण तिथंच आहे. पुढं महानुभावांनी आपले ग्रंथ अक्षरांची अदलाबदल करून, खुणा वापरून उतरवले, त्यामुळं मराठीतले सगळ्यात जुने ग्रंथ शेकडो वर्षं मराठी माणसालाच वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी कुलूप उघडलं. व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्शनचं कौतुक सांगणाऱ्या पोट्ट्यांना मी हे ऐकवत असतो.

दोन म्हातारे शेवटचे बोलणारे, पण भांडण म्हणून बोलतच नाहीत, ती बातमी?

मेक्सिकोतली आयापानेको भाषा, २०११ मध्ये ही बातमी जगभर फिरली. भांडणाची गोष्ट रंगवून सांगितलेली होती, आणि भाषा बोलणारे ते दोघेच नव्हते. खरी गोष्ट हवी असेल तर अंदमानची आहे. बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या बाई, बोआ सिनियर, जानेवारी २०१० मध्ये वारल्या. त्यांच्याशी त्या भाषेत बोलणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्या पाखरांशी बोलायच्या, अन्विता अब्बी या भाषातज्ज्ञ बाईंनी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला आहे.

हे मी दुकानात सांगितलं त्या दिवशी जामोदकडचा एक माणूस रेशन कार्डाच्या कामाला आलेला होता, पाहुणा म्हणून कोणाकडं तरी. गप ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणे, माझी बुढी निहाली बोलते, मले समजते पण बोलता येत नाही. मी विचारलं, पाण्याला काय म्हणते ती? त्यानं थोडा विचार केला आणि म्हणे, थांबा, फोन लावून विचारतो. फोन लागला नाही, रेंज नव्हती.